दोन चाकांवर उभा राहणारा रोबो संच : मालवणच्या खाऱ्या हवेतले एक वर्ष

मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. गेल्या जूनमध्ये आम्ही दोन चाकांवर स्वतःचा तोल सांभाळणारा एक रोबो सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकत घेतला आणि नववी-दहावीच्या मुलांनी तो वर्षभर जोडला, पाडला, उघडला आणि पुन्हा जोडला. संचाचे व्यापारी नाव मी देत नाही, कारण हाच सांगाडा आणि हाच बोर्ड चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. पुण्यातील एका विक्रेत्याकडून तो ५,४०० रुपयांना मिळाला. सेल, चार्जर आणि कुरिअरचा खर्च वेगळा. खोक्यावर ‘सेन्सर तंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे आणि माझे हे परीक्षण मुख्यतः त्या एका दाव्याचे आहे. रोबो उभा राहतो का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, तो राहतो. पण तो उभा असताना सेन्सर नेमके काय करतो आहे हे मुलांना दिसते का, याचे उत्तर शोधायला आम्हाला पावसाळा संपेपर्यंत थांबावे लागले.

खोक्यात ॲक्रिलिकचे दोन मजले, ते एकमेकांवर उभे करण्यासाठी पितळी खांब, गिअर बसवलेल्या दोन डीसी मोटरी, ६५ मिलिमीटर व्यासाची रबरी चाके आणि ॲटमेगा ३२८पी ही प्रोग्राम चालवणारी चिप असलेला एक बोर्ड होता. मोटरींच्या मागच्या टोकाला लहान चुंबक आणि ते फिरताना ओळखणारे हॉल सेन्सर बसवलेले आहेत, त्यामुळे चाक किती फिरले ते मोजता येते. समोर अल्ट्रासोनिक सेन्सरचे दोन डोळे आणि मध्यभागी, नखाएवढ्या निळ्या पट्टीवर, या सगळ्या खटाटोपाचा आधार असलेली एमपीयू-६०५० ही चिप. जोडणीला दोन संध्याकाळी लागल्या. तीन मिलिमीटरचा एक स्क्रू कमी निघाला, तो मालवणच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळाला.

माहितीपत्रक मात्र निराशाजनक आहे. अक्षर मुंगीच्या पावलाएवढे, आकृत्या काळ्या-पांढऱ्या, आणि त्यातच मोटरीच्या तारांचे रंग सांगताना लाल-पांढऱ्याची अदलाबदल झालेली. त्या चुकीमुळे आमचा रोबो पहिल्या दिवशी पुढे झुकला की चाके मागे पळवायचा आणि स्वतःलाच जोराने नाकावर आपटायचा. तारा उलट केल्यावर तो जागेवर उभा राहिला, बारीक थरथरत, अंगात हिव भरल्यासारखा. पहिल्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, “सर, हो पडूच्या आधीच धावता!” त्याचे निरीक्षण अचूक होते. पडू लागलेल्या दिशेलाच चाके धावतात आणि वरच्या भाराखाली पुन्हा जाऊन उभी राहतात. तळहातावर खराटा उभा धरताना आपला हात हेच करतो.

या टप्प्यावर बहुतेक खरेदीदार समाधान मानतील, कारण संचासोबत मिळणारा प्रोग्राम आधीच नीट जुळवून दिलेला आहे. बटण दाबले की रोबो उभा राहतो, मोबाइलवरून पुढेमागे जातो, मुले टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. माझी पहिली तक्रार नेमकी इथे आहे. ज्या वस्तूने सेन्सर दाखवायचा, त्या वस्तूने तो झाकून ठेवला आहे. मोजलेले आकडे संगणकाच्या पडद्यावर दाखवणाऱ्या ओळी मूळ प्रोग्राममध्ये नव्हत्या; त्या आम्ही घातल्या, आणि तेव्हापासून हा संच खऱ्या अर्थाने शिकवू लागला.

एमपीयू-६०५० मध्ये तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर (वेगातला बदल आणि गुरुत्वाकर्षण टिपणारा) आणि तीन अक्षांचा जायरोस्कोप (वळणे टिपणारा) असे दोन सेन्सर एकाच चिपमध्ये आहेत. चिपची लांबी-रुंदी प्रत्येकी ४ मिलिमीटर. ॲक्सेलरोमीटरच्या सर्वांत बारीक मापपट्टीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण १६,३८४ या आकड्याने दिसते. पट्टी ३० अंशांत कलली की आडव्या अक्षावर त्याच्या निम्मा, म्हणजे ८,१९२ च्या आसपासचा आकडा यायला हवा. कंपासपेटीतला कोनमापक फळीला चिकटवून मुलांनी हे तपासले. ३० अंशांच्या साइनची किंमत अर्धी असते, हे कोष्टकात पाठ केलेले वाक्य त्यांना आकड्यांत उतरलेले दिसले. संचाच्या किमतीतला निदान एक हजार रुपयांचा भाग मी त्या एका तासाला देईन.

जायरोस्कोप कोन मोजत नाही, कोन बदलण्याचा वेग मोजतो. १८५२ मध्ये फुकोने ज्या उपकरणाला हे नाव दिले त्यात जड चक्र फिरत असे. इथे चक्र नाही. चिपच्या आत सिलिकॉनचे सूक्ष्म तुकडे सेकंदाला सुमारे ३० हजार वेळा मागेपुढे कंप पावत असतात आणि चिप वळली की कोरिऑलिस परिणामामुळे ते किंचित बाजूला ढकलले जातात. त्या सरकण्याने बदललेली विद्युत धारिता चिप मोजते. हाच परिणाम मे २०२१ मध्ये आमच्या मुलांनी अनुभवलेल्या तौक्ते वादळाला उत्तर गोलार्धातल्या इतर वादळांप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवत होता, हे सांगितल्यावर त्यांनी त्या निळ्या पट्टीकडे जरा आदराने पाहिले.

यानंतर आम्ही जो प्रयोग केला, तो माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असायला हवा होता. आम्ही दोन्ही सेन्सर आळीपाळीने बंद केले. फक्त जायरोस्कोपवर भरवसा ठेवला, तेव्हा टेबलावर आडव्या, निश्चल पडलेल्या रोबोचा कोन पडद्यावर आपोआप वाढू लागला. आमच्या चिपचा शून्याचा दोष सेकंदाला जवळपास २ अंश निघाला, म्हणजे एका मिनिटात १२० अंश, आणि रोबो मात्र आहे तिथेच. सुरुवातीला हजार वाचने घेऊन त्यांची सरासरी वजा केली की हा दोष बराच कमी होतो, पण चिप तापली की तो पुन्हा थोडा बदलतो. असा रोबो काही वेळ छान उभा राहतो आणि मग, कोणी स्पर्श न करता, एका बाजूला कलत जाऊन पळत सुटतो.

उलट, फक्त ॲक्सेलरोमीटरवर चालवला तर तो उभा राहतच नाही, दोन्ही चाके थाडथाड आपटत जागीच कोसळतो. मोटरींची कंपने तर त्याला फसवतातच, पण खरी अडचण अधिक खोल आहे. वेग वाढणे आणि कलणे या दोन गोष्टी त्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. फोंडाघाटातून जाणाऱ्या एसटीत डोळे मिटून बसा; गाडीने वेग घेतला की आसन मागे कलल्यासारखे वाटते, आणि गाडी चढावर आहे की सपाटीवर वेग घेते आहे हे डोळे उघडल्याशिवाय कळत नाही. ॲक्सेलरोमीटरला डोळेच नाहीत.

म्हणून दोघांची साक्ष एकत्र घ्यावी लागते. मूळ प्रोग्राममध्ये त्यासाठी रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडलेली गाळणी, म्हणजे आकड्यांतला गोंधळ वेगळा काढणारी गणिती पद्धत (फिल्टर), वापरलेली आहे. ती उत्तम आहे, पण शाळेच्या पातळीवर ती अंधाऱ्या खोलीसारखी आहे, आत काय चालले आहे ते मुलांना दिसत नाही. आम्ही ती काढून एका ओळीचे सूत्र घातले : नवा कोन काढताना जायरोस्कोपवरून पुढे नेलेल्या कोनाला ०.९८ आणि ॲक्सेलरोमीटरच्या कोनाला ०.०२ इतके वजन. रोबो सेकंदाला २०० वेळा हा हिशेब करतो, त्यामुळे साधारण पाव सेकंदापर्यंतच्या हालचालीत जायरोस्कोपचे ऐकले जाते आणि त्याहून संथ बदलांत ॲक्सेलरोमीटरचे. एक साक्षीदार घाईत खरे सांगतो, दुसरा सावकाशीत. ०.९८ च्या जागी ०.९० घातल्यावर रोबो लगेच दचकू लागला, आणि ०.९९९ घातल्यावर कलल्याचे त्याला फार उशिरा उमजू लागले. मुलांनी हे आकडे स्वतः बदलले. गाळणी असती तर त्यांनी फक्त माझे ऐकले असते.

कोन कळल्यावर मोटरींना किती जोर द्यायचा याचा निर्णय ज्या पद्धतीने होतो, तिला पीआयडी (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह : आत्ताची चूक, साठत गेलेली चूक आणि चूक बदलण्याचा वेग) म्हणतात. तिचा उगम आमच्या गावाला अगदी जवळचा वाटावा असा आहे. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी अमेरिकी नौदलासाठी जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूचा सिद्धांत मांडला, तो सुकाणूवर बसलेल्या माणसांचे निरीक्षण करून. अनुभवी सुकाण्या जहाज आत्ता किती भरकटले आहे एवढेच पाहत नाही. मघापासून ते सतत एकाच बाजूला ओढले जाते आहे का आणि आत्ता किती वेगाने वळते आहे, हेही तो मनात धरतो. हे सांगत असताना एका तांडेलाची, म्हणजे होडीच्या प्रमुखाची, मुलगी म्हणाली, “आमचे बाबा सुकाणू असांच धरतत.” जहाज पूर्ण वळण्याआधीच सुकाणू उलट फिरवावे लागते, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. पीआयडीतल्या तिसऱ्या अक्षराचा अर्थ मला त्यानंतर फळ्यावर फार समजावावा लागला नाही.

याच मुलीने विचारलेल्या एका प्रश्नाने मात्र आम्ही सगळे गडबडलो. होडीत वजन तळाशी ठेवतात, मग रोबोत सेल वरच्या मजल्यावर का? आम्ही सेल खाली बसवून पाहिले. रोबो अधिक चपळ झाला, पण अधिक अस्वस्थही. उलट्या लंबकाला, म्हणजे खाली टेकून वर भार असलेल्या या रोबोसारख्या वस्तूला, पडायला लागणारा वेळ त्याच्या उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. भार जितका उंच, तितका तो सावकाश पडतो आणि सावरायला अवधी मिळतो. आमच्या रोबोचा भारमध्य आसापासून जेमतेम ८ सेंटिमीटरवर, म्हणून दर ०.०९ सेकंदाला त्याचे कलणे पावणेतीन पट होऊ पाहते. तळहातावर पेन्सिल उभी राहत नाही आणि लांब काठी राहते, त्याचे कारण हेच. होडी पाण्याच्या आधाराने स्वतःहून सरळ होते, रोबोला सतत धावूनच सरळ राहायचे असते, त्यामुळे दोघांचा न्याय वेगळा. अर्थात भार फार वर नेला आणि कलणे एका मर्यादेपलीकडे गेले, तर या लहान मोटरींना तो परत उचलता येत नाही. आम्ही ३०० मिलिलिटरची पाण्याची बाटली वर बांधली, तेव्हा तो फार डौलाने उभा राहिला आणि धक्का बसल्यावर तितक्याच डौलाने आडवा झाला.

गिअरमधली ढिलाई हा या मोटरींचा ठळक दोष आहे. चाक हाताने धरून हलवले तर दोन-तीन अंश ते रिकामेच फिरते, आणि शाळेच्या गुळगुळीत फरशीवर त्या रिकाम्या जागेत रोबो सतत खडखडतो. एका विद्यार्थ्याच्या घरी शेणाने सारवलेल्या खळ्यात त्याला उभे केले, तेव्हा ती खडखड आश्चर्यकारकरीत्या कमी झाली. खरखरीत जमीन चाकांना किंचित अडवते आणि त्या अडवण्याने थरथर विरते. कोरड्या वाळूत चाके रुतली आणि प्रयोग तीन सेकंदांत संपला. ओहोटीच्या वेळी घट्ट, ओल्या पुळणीवर मात्र तो मिनिटभर उभा राहिला. त्या मिनिटाला मी परवानगी द्यायला नको होती, कारण त्यानंतर एका मोटरीचा गिअर उघडून बारीक वाळू ब्रशने काढत आम्ही रविवार घालवला.

अल्ट्रासोनिक सेन्सरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडून प्रतिध्वनीचा वेळ मोजणे हे त्याचे काम तो करतो. २० सेंटिमीटरवरच्या भिंतीसाठी सव्वा मिलिसेकंदाच्या आत उत्तर येते. फक्त रोबो वेगात पुढे झुकला की तो जमिनीलाच अडथळा समजून थबकतो, आणि पडद्याच्या कापडासमोर त्याला काही ऐकूच येत नाही.

आता ऑगस्टमधल्या प्रसंगाविषयी. पावसाने वर्ग भिजला होता म्हणून आम्ही रोबो एका घराच्या पडवीत चालवत होतो. दहा-बारा मिनिटे शांत उभा असलेला रोबो अचानक पूर्ण वेगाने सरळ पळत सुटला, पडवीच्या कडेवरून खाली चिऱ्याच्या पायरीवर आपटला आणि वरचा ॲक्रिलिकचा मजला मधोमध तडकला. तो पडल्यावरही चाके फिरतच होती; स्विच बंद केल्यावर ती थांबली. कारण शोधायला दोन दिवस लागले. सेन्सरच्या पट्टीवरच्या पिनांवर हिरवट थर चढला होता, संपर्क क्षणभर तुटला, आणि मूळ प्रोग्राम सेन्सरच्या उत्तराची वाट पाहत तिथेच गोठला. मोटरींना शेवटची आज्ञा जी मिळाली होती, ती कोणी मागे घेतली नाही. उत्तरासाठी वेळेची मर्यादा घालण्याची सोय आर्डुइनोच्या, म्हणजे अशा बोर्डांसाठी प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाच्या, लायब्ररीत आहे आणि प्रोग्राम अडकला तर चिप नव्याने सुरू करणारा वॉचडॉग खुद्द ॲटमेगामध्ये आहे. विक्रेत्याने दिलेल्या प्रोग्राममध्ये या दोन्हींचा पत्ता नव्हता. चार-पाच ओळींचे हे काम आहे. मुलांच्या हातात देण्याच्या वस्तूत ते नसणे हा मला या संचाचा सर्वांत गंभीर दोष वाटतो. डीन केमन यांनी डिसेंबर २००१ मध्ये जगापुढे आणलेल्या सेगवे या दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या वाहनात जायरोस्कोप पाच होते, आणि तोल सांभाळायला तीन पुरेसे होते. पाच हजारांच्या संचाकडून पाच सेन्सरांची अपेक्षा नाही, पण एकुलता सेन्सर गप्प झाला तर चाके थांबवावीत, एवढी मागणी वाजवी आहे.

विक्रेत्याला फोन केला. बोलणे सौजन्याचे होते, चित्रफीत मागवली, ती पाहिली, आणि तडकलेला मजला ‘हाताळणीतील नुकसान’ ठरवून नवा मजला १८० रुपये अधिक कुरिअर या दराने पाठवला. प्रोग्राममधली उणीव त्यांनी मान्य केली, सुधारित प्रोग्राम आठवड्यात पाठवतो म्हणाले. तो अजून आलेला नाही. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, कणकवलीला जाऊन आणावे लागते, पण यात त्यांचा दोष नाही.

किनाऱ्यावर असा संच घेणाऱ्यांनी पावसाळ्याची तजवीज पहिल्या दिवसापासून करावी. आम्ही सेन्सरची पट्टी पिनांवर न टोचता तारांना थेट डाग देऊन जोडली आणि डाग दिलेल्या जागी पारदर्शक वॉर्निशचा हात फिरवला. फक्त चिपवर तो लागू दिला नाही. वापर नसताना रोबो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो. इथले फोटोग्राफर पूर्वी कॅमेऱ्याच्या कपाटात पावसाळाभर बारीक दिवा पेटता ठेवत, तोही उपाय चांगला आहे, फक्त लिथियमचे सेल त्या कपाटात ठेवू नयेत.

सेलांचीही एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८६५० प्रकारचे दोन सेल पूर्ण भरलेले असताना मिळून ८.४ व्होल्ट देतात. तासाभरात तो आकडा सातच्या खाली येतो. प्रोग्राम मोटरीला तितकीच टक्केवारी देत राहतो, पण टक्केवारी ज्याची द्यायची ते मूळच घटलेले असते, त्यामुळे सकाळी ताठ उभा राहणारा रोबो शेवटच्या तासाला डुलू लागतो. सेलांचा विद्युतदाब (व्होल्ट) मोजून जोर त्या प्रमाणात वाढवण्याचे काम दहावीच्या तिघांनी नाताळच्या सुट्टीत केले, आणि ते मूळ प्रोग्रामपेक्षा चांगले झाले आहे.

फक्त शोभेसाठी, शाळेच्या प्रदर्शनात टेबलावर उभा करण्यापुरता रोबो हवा असेल, तर हा संच महाग पडेल आणि महिन्याभरात धूळ खाईल. अटल टिंकरिंग लॅबसारखी सोय असलेल्या शाळांकडे यातले बरेच भाग आधीच असतात. त्यांनी दीड-दोनशे रुपयांची एमपीयू-६०५० ची पट्टी आणि हॉल सेन्सर असलेल्या दोन चांगल्या मोटरी एवढेच घेऊन सांगाडा फळीचा करावा. ज्यांच्याकडे काहीच नाही आणि ज्या शिक्षकाला प्रोग्राम उघडून त्यात हात घालण्याची भीती वाटत नाही, त्यांनी घ्यायला माझी हरकत नाही. यंदा आम्ही दुसरा रोबो करत आहोत, त्याचे दोन्ही मजले आमच्या सुताराने सागाच्या पट्टीतून कापून दिले आहेत, आणि त्या तांडेलाच्या मुलीने सेल ठेवायची जागा वरखाली सरकवता येईल अशी खाच त्यात करून घेतली आहे.